कॅमेऱ्यात बघा

ज्योत्स्नावहिनीचा आवाज नको तितका गोड होता, तेव्हाच मोनालीला कळायला हवं होतं. पण एका हातात फोन, दुसऱ्या हातात रेवाच्या तोंडापुढे धरलेला वरणभाताचा घास आणि डोळे कूलरच्या वायरीकडे निघालेल्या रेवाच्या पावलांवर, अशा वेळी माणसाचं कानाकडे लक्ष राहत नाही. आखाजीला कधी येताय, अक्षय्यतृतीया आली की जवळ, जावईबापूंना सुटी आहे ना, रेवासाठी लिंबाला झोका बांधायला सांगितलाय, असं सगळं रीतसर झाल्यावर वहिनी अगदी सहज म्हणाली, "आणि ऐक ना, येताना तो आपला कॅमेरा घेऊन ये. ह्यांचा जुना. आमची विधी मागे लागली आहे. पोरींमध्ये म्हणे आता त्याचीच फॅशन आहे, जुन्या फोटोंसारखे फोटो येतात म्हणून." मोनाली 'हो' म्हणाली. हो म्हणायला तिला कधीच वेळ लागत नसे. फोन ठेवला, घास रेवाच्या तोंडात गेला, वायर कूलरच्या मागे सरकवून झाली, आणि ताट मोरीत ठेवताना तिच्या लक्षात आलं की आपले दात एकमेकांवर आवळले गेलेत, इतके की कानामागे दुखतंय.

कॅमेरा फ्रिजवर खोक्यात होता. म्हणजे जायला निघालेलाच होता. सहा वर्षं तिनं तो वापरला, आता त्याची लेन्स अडकत होती. बटण दाबलं की घुर्र आवाज करत ती अर्धी बाहेर यायची आणि तिथंच थांबायची, दार उघडून उंबऱ्यावर अडलेल्या माणसासारखी. मग तिच्या डाव्या कडेला अंगठ्यानं एक टिचकी द्यायची, फार जोरात नाही, झोपलेल्या पोराच्या पाठीवर थोपटावं तशी, की बाकीची अर्धी सरकायची. बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं तो हातात घेऊन खालीवर केला आणि मोनालीकडे न बघता तिच्या नवऱ्याला, स्वप्नीलला, सांगितलं की साहेब, याचे पार्ट आता येत नाहीत, बदलून टाका. स्वप्नीलनं लगेच चौकशीही केली. जुना द्या, नवा घ्या, चालत नसला तरी चालेल. नवा कॅमेरा असा होता म्हणे की काढलेला फोटो आपोआप मोबाइलमध्ये पाठवतो. आपोआप या शब्दाशी मोनाली दोन दिवस अडली होती, पण शेवटी तिनंच खोकं शोधून त्यात कॅमेरा ठेवला होता. रविवारी जायचं ठरलं होतं. तिचं मन तयार झालं होतं. आणि आता ज्या वस्तूला तिनं स्वतः निरोप दिला होता, तीच कुणीतरी मागितल्याबरोबर तिच्या पोटात हे काय पेटलं होतं, ते तिला समजेना. तिनं खोकं उघडलं. कॅमेरा बाहेर काढला. बटण दाबलं. घुर्र. टिचकी. दुपारच्या बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात जळगाव गप्प पडलं होतं, समोरच्या गच्चीवरचे कपडे पापडासारखे कडक झाले होते, आणि चिमुकल्या पडद्यावर ते सगळं खऱ्यापेक्षा जरा पिवळं दिसत होतं.

अभिमनदादाचं लग्न झालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तिच्या वडिलांनी, आबांनी, धुळ्यात दुकानातून कॅमेरा आणला तो दादा-वहिनीला कुलू-मनालीला नेण्यासाठी. त्याच्यासोबत एक जाड पुस्तिका आली होती. दादानं ती खोक्यातच ठेवली. मोनालीनं ती काढली आणि शाळेच्या पुस्तकासारखी खाली रेघा मारून वाचली. उजेड कुठून यावा, हात कसा धरावा, माणूस हलत असेल तर काय करावं. घरात तिला कॅमेरा हातात मिळायचा तो इतरांचा फोटो काढायला. "मोने, काढ गं आमचा एक," की ती धावत यायची. वहिनीचं डोहाळजेवण तिनं काढलं, विधीचं बारसं तिनं काढलं, दादाचा नवी मोटरसायकल पुसतानाचा फोटो तिनं काढला. काढून झालं की दादा हात पुढे करायचा आणि कॅमेरा कपाटात जायचा. पुढे मोबाइल आले, कॅमेरा कपाटातच राहिला. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला निघताना वहिनीनं सांजोऱ्यांच्या डब्यासोबत तो पिशवीत टाकला. घेऊन जा, तुलाच आवड, इथं नुसता पडून आहे. दादा दारात उभा होता, तो म्हणाला, "ने, ने. भंगारात टाकणारच होतो." तेव्हा तिला किती आनंद झाला होता. एरंडोलपर्यंत ती मांडीवर पिशवी धरून बसली होती. आज त्या आनंदाची तिला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग परत तो राग आला. तिला मिळालेल्या वस्तू एकेक करून डोळ्यांपुढे येऊ लागल्या. दादाची पायडल तुटलेली सायकल, दादाचा कंपास, दादाच्या खोलीतलं टेबल, तेही खोलीला नवं टेबल आल्यावर. पडून आहे, ने. पडून असण्यावर तिचं सगळं बालपण उभं होतं. आणि पडून असलेली वस्तू कुणाला हवीशी झाली, की ती पुन्हा 'ह्यांची' व्हायची.

रेवाचे फोटो ती मोबाइलवर काढत नसे. याला स्वप्नील तिचं खूळ म्हणायचा. रेवा सात महिन्यांची असताना त्यानं तिचा टबातला फोटो काढला, साबणाच्या फेसात बसलेली, बाकी अंगावर काही नाही. संध्याकाळी तो स्वप्नीलच्या स्टेटसला होता, दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी, आणि आठवड्यानं मोनालीच्या कॉलेजातल्या एका मुलीनं, जिच्याशी ती पाच वर्षांत बोलली नव्हती, तोच फोटो 'किती गोड' म्हणून मोनालीलाच पाठवला. कुणी काही वाईट केलं नव्हतं. पण मोनालीला त्या आठवड्यात बाजारात प्रत्येक माणूस रेवाकडे ओळखीनं बघतो आहे असं वाटायचं. तेव्हापासून फोटो या कॅमेऱ्यात. तो कुणाला काही पाठवत नाही. त्यात काढलेलं त्यातच राहतं, पोटात ठेवल्यासारखं. रेवाचा पहिला दात, रेवाचा गालावरचा गोवर, पाणी न सांडता भरलेला पहिला पेला, हे सगळं एका बोटाएवढ्या कार्डात होतं आणि कार्डाच्या दोन प्रती तिनं दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या होत्या, एक गव्हाच्या कोठीत. हे तिनं स्वप्नीललाही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी चहा घेताना तिनं त्याला फोनचं सांगितलं. तो हसला. "मग देऊन टाक ना. नाहीतरी बदलतोच आहोत आपण. भंगारासाठी भावाशी वाकडं घेणार आहेस का?" ती म्हणाली की तो कॅमेरा माझा आहे. स्वप्नीलनं बिस्किट चहात बुडवलं, नेमकं किती वेळ बुडवायचं ते त्याला चांगलं जमायचं, आणि बिस्किटाकडे बघतच तो म्हणाला, "सोनगीरच्या जमिनीच्या वेळी नाही म्हणालीस असं. तेव्हा मी म्हटलं होतं, विचार कर." तो चुकीचं बोलत नव्हता. त्यानं खरंच म्हटलं होतं, एकदा, गाडी पुसता पुसता. आणि ती म्हणाली होती, मला माहेर पाहिजे, जमीन नको. हे वाक्य तिचं नव्हतंच. ते तिच्या मावशीचं होतं, आत्याचं होतं, शेजारच्या काकूंचं होतं. ठेवणीतल्या शालूसारखं ते एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर आलं होतं, आणि तिलाही अगदी मापात बसलं होतं. चहाचा कप तिनं इतक्या हळू ठेवला की स्वप्नीलनं वर बघितलं.

जमीन आईची होती. तिला, हिराबाईला, भाऊ नव्हता, म्हणून तिच्या वडिलांनी सोनगीरच्या किल्ल्याखालची कोरडवाहू तिच्या नावावर केली होती. आई गेली, वारस लागले. आबा, दादा, मोनाली. मागच्या दिवाळीत भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी दादानं तिला धुळ्याच्या रजिस्ट्री कचेरीत नेलं. बहीण हक्कसोड लिहून देते, भाऊ तिला साडी घेतो, घरोघरी हेच होतं, यात बोलण्यासारखं काही नसतं. दादा सकाळी म्हणाला होता, "साधी फॉर्मॅलिटी आहे, तासाभरात मोकळे." रेवा तिच्या कडेवर होती, तापलेली, नाक गळणारी. बाकावर तिच्यासारख्या आणखी दोघी बसल्या होत्या, दोघींच्या शेजारी त्यांचे भाऊ, पाण्याच्या बाटल्या धरून. अधिकाऱ्यानं विचारलं, राजीखुशीनं देताय ना. ती हो म्हणाली. मग टेबलापलीकडच्या माणसानं तिचा अंगठा धरला आणि काचेवर दाबला. तिनं स्वतः ठेवला असता. पण त्यानं धरला, पोराच्या हातातलं खेळणं काढून घ्यावं तसा, दाबला, सोडला. लांब मानेवरचा एक लहानसा काळा कॅमेरा तिच्या तोंडापुढे वळवला आणि म्हणाला, "मॅडम, कॅमेऱ्यात बघा. हलू नका." आणि मोनाली हसली. सवयीनं हसली. इतकी वर्षं ती दुसऱ्यांना हसा म्हणत आली होती, तिच्याकडे कॅमेरा वळला की तिचं तोंड आपोआप हसायचं. त्या माणसानं तोच फोटो घेतला. आता त्या कागदावर, तिच्या अंगठ्याच्या शेजारी, ती हसते आहे. कडेवरच्या रेवाचे थोडे केस दिसताहेत. रेवा झाल्यापासून तिचा कुणी काढलेला तो एकच फोटो होता, आणि तो दादाच्या कपाटात होता.

ते हसू तिला सगळ्यात जास्त खुपत होतं. रडली असती तर? निदान गंभीर राहिली असती तर? पुढे कधी विधी, कधी रेवा तो कागद काढतील, कोर्टातला कुणी काढील, आणि म्हणेल, बघा, बाई किती खुशीत होती. परत येताना दादानं तिला चिंतामणी रंगाची साडी घेतली. रंग तिनं निवडला. तोही तिनंच.

आखाजीच्या आधीच्या दुपारी रेवा झोपल्यावर तिनं कॅमेऱ्यात आईच्या व्हिडिओचे ते अकरा सेकंद पुन्हा लावले. ते तिनं कितीदा तरी दुसरीकडे उतरवून ठेवले होते, पण बघायची ते याच पडद्यावर. कॅमेरा मिळाला त्याच आखाजीला, निघायच्या आदल्या सकाळी, तो कपाटातून मागून घेऊन ती आईसोबत सोनगीरला गेली होती. चित्र हलतं आहे, वाऱ्याचा फरफर आवाज, मागे किल्ल्याचा उघडा डोंगर, आई डोळ्यांवर आडवा हात धरून उभी. आधी ती म्हणते, बंद कर ना वं ते. मग तिला काय वाटतं कोण जाणे, ती हात काढते, तोच हात शेतावरून फिरवते, हायवेपासून पार त्या एकट्या बोरीपर्यंत, आणि म्हणते, "हाई बठ्ठं आपलं शे, पोरी." मग बटण दाबल्याचा आवाज. संपलं. हे सगळं आपलं, म्हणाली होती, आणि पोरी म्हणाली होती. समोर दुसरं कुणी नव्हतं. मोनालीनं कॅमेरा बंद केला. लेन्स आत जाताना अडली. तिनं टिचकी दिली नाही. तशीच बघत राहिली, आणि अंगात जे चढत होतं ते दादावर, वहिनीवर, आबांवर, त्या अंगठा धरणाऱ्या माणसावर, बिस्किट नेमकं बुडवणाऱ्या स्वप्नीलवर, एकेकावर जाऊन बसत होतं आणि कुणावरच ठरत नव्हतं. शेवटी ते त्या हसणाऱ्या बाईवर येऊन ठरलं, तेव्हा तिनं उठून तोंड धुतलं.

पारोळा मागे पडेपर्यंत गाडीत रेवा गाणी म्हणत होती. मोनालीचा एक हात रेवाच्या पट्ट्यावर आणि एक पर्समधल्या कॅमेऱ्यावर. तिनं काहीच ठरवलं नव्हतं. द्यायचा असला तरी तो सोबत होता, नसला द्यायचा तरी सोबत होता. धुळ्याच्या घरी दारातच पुरणाचा वास आला. ओसरीत आईच्या नावाची घागर भरून ठेवली होती, वर डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी आंबे. दादा पाटावर बसून पाणी सोडत होता, आबा बाजूला खुर्चीवर, हात गुडघ्यांवर. दादा वाकला तेव्हा त्याच्या मानेवरचे केस पांढरे झालेले तिला दिसले आणि एक क्षण तिचा राग पातळ झाला. हा तिला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडायचा, उतारावर पाय वर घे म्हणून ओरडायचा. तिनं घागरीला हात जोडले. मनात काहीतरी म्हणायला गेली, तर फक्त अकरा सेकंदांचं वारं ऐकू आलं. मागच्या अंगणात विधीनं रेवाला झोक्यावर बसवलं होतं आणि मोनाली तीरासारखी धावली, दोर बघितला, गाठ बघितली, खाली दगड आहे का बघितलं. विधी हसली. "आत्या, मी बघितलंय सगळं. दोर नवा आहे." मोठी झाली होती. पंधरा वर्षांची. बोलताना केस कानामागे घेण्याची लकब नेमकी कुणाची ते मोनालीला आठवेना, मग आठवलं, आपलीच. विधी कॅमेऱ्याबद्दल काही बोलली नाही. तिला मागायला लाज वाटत होती, हे स्पष्ट दिसत होतं.

मागितला दादानंच, जेवणं झाल्यावर. पुरुष सतरंजीवर लोळले होते, वहिनी बडीशेप वाटत होती, स्वप्नील मोबाइलवर मॅच बघत होता. रेवा मोनालीच्या मांडीवर आमरसानं पिवळी होऊन पेंगत होती. "आणला ना गं कॅमेरा? दे तिला एकदाचा. डोकं खाल्लंय तिनं माझं." आणि जरा हसत स्वप्नीलला म्हणाला, "बघा जावईबापू, भंगार म्हणून दिला होता, आता सोन्याचा भाव आलाय." हायवे रुंद व्हायला लागल्यापासून सोनगीरच्या जमिनीबद्दलही तो याच आवाजात बोलायचा.

मोनालीनं पर्समधून कॅमेरा काढला आणि समोर ठेवला. मग विधीला म्हणाली, तुझी एखादी वही आण, आणि पेन. विधीनं आणली. मोनालीनं कोरं पान उघडून वही कॅमेऱ्याशेजारी सरकवली. तिचा आवाज साधा होता, भाजीवाल्याशी बोलावा तसा.

"कागद करू आधी. हा कॅमेरा तू मला दिलास. त्यावर तुझा हक्क नाही, असं लिही आणि खाली सही कर. मग कुणाला द्यायचा ते मी ठरवते."

"कसला कागद?" दादा अजून हसतच होता.

"हक्कसोड. साधी फॉर्मॅलिटी असते. तासभरही लागत नाही."

बडीशेपेची वाटी हातात धरून वहिनी होती तिथंच उभी राहिली. स्वप्नीलनं मॅचचा आवाज बंद केला. आबांनी गुडघ्यावरचे हात उचलले, कुठं ठेवावे ते न कळून परत तिथंच ठेवले. विधीनं अगदी निर्मळपणे विचारलं, "हक्कसोड म्हणजे काय, आत्या?"

मोनालीला ते पोरीच्या तोंडावर सांगवेना. तिनं फक्त दादाकडे बघितलं. उत्तर त्याचं होतं.

दादाचं हसू ओसरलं. आजच्या दिवशी, तो म्हणाला, आईची घागर समोर असताना, पाव्हण्यांपुढे. मग आवाज खाली आणून, "तू स्वतःहून सही केलीस ना? तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली होती का?"

"नाही केली. मीही करत नाहीये. पेन तुझ्यापुढे आहे."

त्यानं पेन उचललं. रागानंच उचललं असेल, किंवा आता हे एकदाचं संपावं म्हणून. टोपण काढलं, वहीवर टेकवलं आणि थांबला. मोनालीला त्याचा थांबलेला हात दिसला, मागच्या दिवाळीपासून ज्याची ती नकळत वाट बघत होती तो हात, म्हणजे तिचाच. ज्या ठिकाणी ती थांबायला हवी होती तिथं तो थांबला होता. एका भंगार कॅमेऱ्यासाठीसुद्धा माणूस थांबतो. रेवाला हळूच सतरंजीवर ठेवून तिनं कॅमेरा उचलला. घुर्र. लेन्स अर्ध्यात अडली. डाव्या कडेला अंगठ्याची टिचकी. पडद्यावर दादा, वाकलेला, हातात पेन, मागे ओसरीत आईची घागर.

"दादा," ती म्हणाली, "कॅमेऱ्यात बघ. हलू नको."

त्यानं बघितलं. तो हसला नाही.

फोटो निघाला तसा त्यानं पेन टाकलं, वही पायानं नाही पण जवळजवळ तशीच बाजूला सारली, ठेव तुझ्याकडेच, म्हणाला, आणि उठून बाहेर गेला. चपलांचा आवाज फाटकापर्यंत गेला. वहिनी म्हणाली, एवढ्याशासाठी गं मोने. स्वप्नील तिच्याकडे असा बघत होता, जणू ती कुठल्या दुसऱ्याच गावाहून आली होती. मोनालीचा राग जसाच्या तसा होता, एक तसूभर कमी झाला नव्हता. फक्त आता तो तिचा एकटीचा राहिला नव्हता, घरभर झाला होता, सगळ्यांना त्यात वावरावं लागणार होतं. पुढच्या आखाजीला हे दार उघडेल की नाही, तिला माहीत नव्हतं. माहेर पाहिजे म्हणून दिलेली जमीन गेली होती आणि आता कदाचित माहेरही. रेवाला उचलून ती मागच्या अंगणात लिंबाखाली आली.

विधी मागोमाग आली. जरा लांब उभी राहिली. मग म्हणाली, "मला नको तो. खरंच. मी फक्त विचारलं होतं." मोनाली म्हणाली, मी तो बदलणारही नाही आणि देणारही नाही, पण जळगावला आलीस की वापर, हवा तितका. विधीनं मान हलवली. तिची नजर कॅमेऱ्यावरच होती. बंद करताना लेन्स पुन्हा अडली होती, अर्धी बाहेर, अर्धी आत.

"ती टिचकी कुठं मारायची, आत्या?"

मोनालीनं रेवाला दुसऱ्या कडेवर घेतलं, विधीचा अंगठा धरला आणि लेन्सच्या डाव्या कडेशी नेला. मऊ होता, शाईचा एक ठिपका लागलेला. तिनं तो एकदम सोडला.

"इथं कुठंतरी," ती म्हणाली. "तुझा तू ठेव. मी दाबणार नाही."